ईएमआय राहू द्या, आधी ज्वारीची पिशवी शिवा

जिंतूर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. मेडिकल आहे त्यांचं, सकाळी नऊला उघडायचं ते रात्री साडेनऊला शटर खाली, म्हणजे फोटोग्राफीचा नाद करायचा तर रात्रीच. मेव्हण्याकडून जुना निकॉन डी५३०० घेतलाय, सोबत १८-५५ ची लेन्स. चारठाण्याच्या दीपमाळेचे रात्री काढलेले फोटो पाठवलेत, ते हललेत अन् वरून दाणेदार झालेत. पुढं लिहितात: "भाच्याच्या मोबाईलवर माझ्यापेक्षा क्लियर येतो. ग्रुपवर सगळे म्हणायलेत फुल फ्रेम घ्या, रात्रीचं या कॅमेऱ्याचं काम नाही. ईएमआय करून टाकू का? जागा कुठल्या, सेटिंग काय, तेही सांगा. घरून बोलणी खायलो ते वेगळंच, दिवसभर दुकान अन् रात्री कॅमेरा, मग घरात कधी, असं मिसेस म्हणतात. अन् फोटोवर वॉटरमार्क टाकावं का?"

भाऊ, नमस्कार.

ईएमआयचं आधी सांगून टाकतो, फुल फ्रेमसाठी, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या महागड्या कॅमेऱ्यासाठी, करू नका. निदान या वर्षी तरी नका करू. ग्रुपवाल्यांचं ठीक आहे, हप्ता त्यांना थोडाच भरायचाय.

तुमच्या दीपमाळेच्या फोटोची माहिती उघडून बघितली. आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा ते) १२८००, शटर (किती सेकंद उघडं राहिलं ते) १/८, एफ (लेन्सचं तोंड, आकडा मोठा तेवढं तोंड बारीक) ५.६, लेन्स ५५ वर झूम केलेली. म्हणजे काय झालंय बघा, तुम्ही लांब उभं राहून झूम केलं, झूम केल्यामुळं लेन्सचं तोंड बारीक झालं (ही लेन्स १८ ला एफ ३.५ पर्यंत उघडते, ५५ ला ५.६ च्या पुढं उघडत नाही, तिथंच अडीचपट उजेड गेला), उजेड कमी पडला म्हणून ऑटोनं आयएसओ चढवत चढवत थेट १२८०० ला नेला, अन् तरी पुरेना म्हणून शटर १/८ वर आलं, अन् हे सगळं हातात धरून. १/८ ला ५५ ची लेन्स हातात धरून बहुतेकांचा फोटो हलणार, नुसता कॅमेरा महाग असून भागत नाही.

आता हेच गणित उलटं करा. दीपमाळ कुठं पळून जायलीय का? शेकडो वर्षं तिथंच उभी आहे. आयएसओ १२८०० चा ४०० केला तर उजेड ३२ पट कमी मिळतो आयएसओकडून, तो शटरकडून घ्यायचा, १/८ चे ३२ पट म्हणजे चार सेकंद. बस. चार सेकंद कॅमेरा न हलता बसला पाहिजे, एवढ्यानं तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच उजेड, अन् फोटो स्वच्छ. नळाला बारीक धार असली की घागर भरायला वेळ लागतो, आपल्याकडं हे कुणाला सांगायची गरज नाही, घागर बदलून धार मोठी होत नसते.

अन् भाच्याच्या मोबाईलचं गुपित पण हेच आहे. नाइट मोड म्हणजे मोबाईल एक फोटो काढतच नाही, बटण दाबल्यावर तो पटापट बरेच फोटो घेतो, हात हलला तेवढं एकमेकांवर सरकवून बसवतो अन् सगळ्यांची सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, सरासरीत ते मरतात, दीपमाळ सगळ्यात एकाच जागी असते, ती राहते. चार फोटो एकत्र केले की दाणे निम्मे होतात, सोळा केले की पाव. ही मोबाईलवाल्यांची कमाल आहेच, नाही म्हणायचं कारण नाही, पण मोबाईलच्या नखाएवढ्या सेन्सरला ते करावं लागतं म्हणून ते करतायत. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या कितीतरी मोठा आहे, त्याला स्थिर बसवला की पहिल्याच फोटोत तो मोबाईलच्या पुढं जातो. न बसवता वापरला तर मागं पडतो, तेच झालंय तुमचं.

म्हणून पहिली खरेदी ट्रायपॉड, दोन-अडीच हजारात कामापुरता मिळतो, फक्त पायाच्या शेवटच्या बारीक नळ्या ओढून पूर्ण उंच करू नका, वाऱ्यात तिथंच डुगडुगतं. मधल्या दांड्याला दुकानाची पिशवी लटकवा, वजन येतं. अन् तोवर घरी जाड कापडाची एक पिशवी शिवून घ्या, वीतभर, त्यात ज्वारी भरा, पूर्ण ठासून नाही, पाऊणच. कॅमेरा त्यावर दाबून बसवला की ज्वारी त्याच्या आकाराची होते अन् तो हलत नाही. विहिरीचं थारोळं, देवळाचा ओटा, गच्चीचा कठडा, मोटारसायकलची सीट, कुठंही टेकवा. ट्रायपॉड असलेली माणसं पण ही पिशवी जवळ ठेवतात. तांदूळ नको, उंदीर लागतात. ज्वारीला लागत नाहीत असं नाही, पण ज्वारी घरात आहेच की.

टेकवल्यावर तीन गोष्टी विसरायच्या नाहीत. लेन्सवरचं व्हीआरचं (हात हलला तर सावरून घेणारं) बटण बंद, कारण कॅमेरा स्थिर असताना ते उगाच हालचाल शोधत बसतं अन् स्वतःच फोटो बिघडवतं. सेल्फ टायमर दोन सेकंदावर, म्हणजे बटण दाबलेल्या बोटाचा धक्का फोटोत येत नाही. अन् फोटो रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरवर आलेलं सगळं जसंच्या तसं, निकॉनमध्ये त्याला एनईएफ म्हणतात, जेपीजी मध्ये रात्रीचे रंग एकदा बिघडले की परत येत नाहीत. फोकस अंधारात आपोआप होत नाही, लेन्स नुसती पुढं-मागं घुरघुर करते अन् शेवटी कुठंतरी थांबते, तुमच्या तिसऱ्या फोटोत तेच झालंय, मागचं लिंबाचं झाड एकदम खरखरीत स्पष्ट अन् दीपमाळ पुसट. बॅटरीचा उजेड दीपमाळेवर मारा, फोकस होऊ द्या, मग लेन्सवरचं फोकसचं बटण एम वर, म्हणजे हातानं फोकस करायचं त्यावर टाका अन् फोकसच्या रिंगला परत हात लावू नका. ताऱ्यांसाठी लाइव्ह व्ह्यू (समोरचं थेट मागच्या स्क्रीनवर दिसतं ते) लावून एखाद्या ठळक ताऱ्यावर स्क्रीन मोठी करायची, तारा लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवायची अन् दुकानातली चिकटपट्टी मारून टाकायची रिंगवर.

आणखी एक, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. अंधारात डोळे मोठे झालेले असतात, स्क्रीनवर फोटो लख्ख दिसतो, घरी येऊन बघावं तर काळा ठिक्कर. मग आपण तो कम्प्युटरवर उजळायला जातो अन् सगळे दाणे वर येतात. हिस्टोग्राम (फोटोत काळं किती, उजळ किती याचा आलेख) बघायची सवय लावा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

आता वेळेचं. रात्रीचे म्हणून जे फोटो आपल्याला लई आवडतात त्यातले निम्मे रात्रीचे नसतातच, दिवेलागणीचे असतात. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दिवे लागलेले असतात अन् आभाळ अजून निळं असतं, दोन्हीचा उजेड जवळपास सारखा होतो, दिवे पण दिसतात अन् देवळाची कड, झाडाची फांदी पण. आपल्याकडं हे फार टिकत नाही, वीसेक मिनिटांत आभाळ काळं होतं. अन् तुम्ही म्हणणार त्या वेळेला मी काउंटरवर असतो, गिऱ्हाईक तेव्हाच जास्त असतं. बरोबर आहे, तर मग काउंटरवरूनच सुरू करा की!

मला तर तुमच्या दुकानाचा हेवा वाटायला. मेडिकलमध्ये उजेड किती तऱ्हेचा असतो बघा, छताला पांढऱ्या ट्यूब, इंजेक्शनच्या फ्रिजचा निळसर उजेड दार उघडल्यावर तेवढ्यापुरता, बाहेर पाटीवरचा हिरवा क्रॉस, समोर भज्याच्या गाड्यावरचा पिवळा बल्ब, अन् रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे लाइट कपाटाच्या काचांवरून सरकत जातात. साडेनऊला शटर अर्ध्यावर ओढल्यावर खालून जी उजेडाची पट्टी रस्त्यावर पडते, तिच्यात कुणाचे तरी पाय, एखादं कुत्रं, एवढाच फोटो काढा. ज्वारीची पिशवी काउंटरवर, लेन्स १८ ला, एफ ३.५, आयएसओ ८०० ते १६००, शटर १/५०. हे १/५० उगाच नाही सांगायलो. आपली लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातले एलईडी अन् जुन्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, भलत्याच शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. १/१००, १/५०, १/२५ असं ठेवलं की मिचमिच पूर्ण पूर्ण मोजली जाते, पट्टे जातात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोला रंग बदलत बसतो, मेनूतलं एकच, समजा फ्लोरोसंट, कायम करा, बाकी रॉ मधून बघता येतं.

फक्त एक पथ्य. गिऱ्हाइकाच्या हातातली चिठ्ठी, गोळ्यांची नावं, आजारी माणसाचा चेहरा, हे फोटोत नको, तो विश्वासानं तुमच्याकडं आलेला असतो. हात चालतील, पाठमोरं चालेल, ओळखीचा म्हातारा स्वतःहून "काढ की माझा एक" म्हणाला तर काढा.

दुकानातून बाहेर पडल्यावरची रात्र कधी वापरायची, त्यासाठी ॲप-बिप नंतर, आधी भिंतीवरचं कॅलेंडर. अमावास्या, पौर्णिमा त्यावर आहेच, अन् संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पण छापलेली असते, आपली आई उपास सोडायला जी बघते तीच. तिथून पुढं रोज चंद्र साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो असं धरा, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास येतो. म्हणजे ताऱ्यांसाठी वद्य अष्टमीनंतरच्या रात्री अन् अमावास्येच्या पुढचे तीन-चार दिवस तुमचे, बाकीच्या रात्री चांदण्याच्या.

चांदणं वाया घालवू नका, लोक अमावास्येच्या मागं लागतात अन् पौर्णिमेला कॅमेरा पेटीत ठेवतात. पौर्णिमेच्या चंद्रप्रकाशात एफ ३.५, आयएसओ ८००, शटर दहा सेकंद लावून एखाद्या वस्तीचा फोटो काढून बघा. दिवसासारखा येतो, आभाळ निळं, झाडाची सावली जमिनीवर, अन् मग बारकाईनं बघितलं की निळ्या आभाळात तारे. बघणारा गडबडतो. कापूस फुटलेलं रान असलं तर काय सांगावं! त्यात फक्त चंद्र फ्रेममध्ये घेऊ नका, कारण चंद्रावर तिकडं भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, त्याचा फोटो एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० असा निघतो, तुमच्या रानाला दहा सेकंद हवेत, दोघांचं एका फोटोत जमत नाही, चंद्राचा नुसता पांढरा गोळा होतो. दोन्ही हवं असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, तेव्हा चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो अन् दिवेलागणीला पूर्वेला बुटका लटकलेला सापडतो, जमिनीवर पण उजेड शिल्लक असतो. त्या दिवशी तासभर मुलाला नाहीतर भावाला काउंटरवर बसवा.

आकाशगंगा. हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय म्हणून नीट सांगतो. तिचा जो दाट, ढगाळ दिसणारा गाभा असतो तो वृश्चिक अन् धनू राशीच्या बाजूला, म्हणजे आपल्याला दक्षिणेकडं. मे महिन्याच्या मध्याला तो रात्री साडेनऊ-दहाला आग्नेयेला वर यायला लागतो अन् अडीच-पावणेतीनला दक्षिणेत सगळ्यात उंच, साधारण चाळीस अंशावर. शटर ओढून, जेवून, बाराला निघालात तरी वेळ तुमचीच आहे. मृग लागला की ढग, मग चार महिने विसरा. दसऱ्यानंतर हवा धुतलेली असते पण तेव्हा गाभा संध्याकाळीच पश्चिमेकडं कलतो अन् ऑक्टोबरच्या मध्याला तुमचं दुकान बंद होईपर्यंत क्षितिजाला टेकलेला असतो. म्हणून एप्रिल-मे. उन्हाळ्यात धुरळा असतो हे खरं, वळवाचा एक सडाका पडून गेला की दुसऱ्या रात्री जा, हवा तेव्हा बरी असते.

येलदरी धरणाचं विचारलंय तुम्ही. जागा चांगली, पण येलदरीहून जिंतूर पडतं दक्षिणेला, अन् गाभा पण दक्षिणेलाच, म्हणजे तुमच्याच गावचे दिवे तुमच्या फोटोत आडवे येणार, खाली सगळं पांढरट. आकाशगंगेसाठी जिंतूरच्या दक्षिणेला ओळखीच्या कुणाचं तरी शेत बघा, गाव पाठीमागं ठेवा. येलदरी ठेवा उत्तरेच्या फोटोसाठी. अन् धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढू नका, रात्री तर नाहीच, पाण्याच्या लांबच्या काठावर जा.

सेटिंग: १८ ला, एफ ३.५, आयएसओ ३२००, पंधरा सेकंद. तारे लांबट न होता किती सेकंद चालतील याचा ५०० चा नियम सगळीकडं वाचाल, ५०० ला लेन्सच्या लांबीनं भागायचं, तुमचा सेन्सर लहान म्हणून १८ ला दीडनं गुणून २७, येतात साडेअठरा सेकंद. पण तो नियम जुन्या फिल्मच्या हिशोबाचा, २४ मेगापिक्सेलवर साडेअठराला मोठं करून बघितलं तर तारे लांबट दिसतात, म्हणून पंधरा, नाहीतर तेराच. एका फोटोत थोडे दाणे राहणारच, मग मोबाईलचीच युक्ती हातानं करायची, एकाच जागेवरून सोळा फोटो घ्या अन् सिक्वेटर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे विंडोजवर, ते तारे एकमेकांवर बसवून देतं, जमीन वेगळी धरतं.

अन् पुढंमागं पैसे जमले तर कॅमेरा बदलण्याआधी ३५ ची एफ १.८ लेन्स सेकंडहँड बघा. तुमच्या ३.५ पेक्षा जवळपास चौपट उजेड, अन् फुल फ्रेमच्या पैशाच्या मानानं किरकोळ. घेताना एएफ-एस लिहिलेलीच घ्या, कारण तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, जुनी डी लिहिलेली स्वस्तात कुणी गळ्यात मारली तर ऑटोफोकस होणार नाही.

ताऱ्यांची वर्तुळं त्या मानानं सोपी, अन् घरच्या गच्चीवरून जमतात. ध्रुवतारा आपल्याकडं फार उंच नसतो, जिंतूरला उत्तरेच्या क्षितिजापासून साडेएकोणीस अंशाच्या आसपास, हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तिथं. म्हणजे खाली पाण्याची टाकी, तुळस, शेजारच्या देवळाचा कळस सगळं फ्रेममध्ये बसतं, हे काश्मिरातल्या माणसाला इतकं सोपं नाही. आयएसओ ४०० ते ८००, एफ ४, तीस सेकंदाचे फोटो एकापाठोपाठ एक, तासभर. तासात तारे १५ अंश फिरतात, दोन तास मिळाले तर कमान अजून चांगली. कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर आहे, त्यात मधलं अंतर ३३-३४ सेकंद ठेवा, कारण कॅमेऱ्याचे तीस सेकंद प्रत्यक्षात बत्तीस असतात, तीसच टाकलं तर एकाआड एक फोटो गळतो. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ गप बसतो अन् रेघा तुटक येतात. स्टारस्टॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे टाकले की वर्तुळं तयार. कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली पाहिजे, अन् लोडशेडिंग असलं तर सोन्याहून पिवळं, त्या एका कामासाठी तरी महावितरणला शिव्या द्यायच्या नाहीत.

हिवाळ्यात मृग अन् व्याध डोक्यावर असतात, डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव असतो, चंद्र नसला तर गच्चीवर कॅमेरा लावून झोपा खुशाल. लेन्सवर दव बसतं तेवढं अधूनमधून पुसावं लागतं. दवावरून आठवलं, तुमच्याकडं गोळ्यांच्या डब्यांत सिलिकाच्या पुड्या येतात त्या टाकून देऊ नका, पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा, लेन्सला बुरशी लागली की ती काढायला लेन्सच्या किमतीएवढा खर्च येतो.

बॅटरीनं रंगवणं, लाइट पेंटिंग म्हणतात ते, हे तुम्हाला दीपमाळेवर शोभून दिसेल. कॅमेरा तीस सेकंद उघडा, एफ ८, आयएसओ ४००, अन् तुम्ही बाजूला जाऊन दगडावर बॅटरी फिरवायची. कॅमेऱ्याजवळ उभं राहून मारली तर सगळं चपटं दिसतं, काटकोनात बाजूनं मारली की दगडाची प्रत्येक खाच उठून येते. एका जागी धरून ठेवायची नाही, चुना मारतो तसा हात चालू पाहिजे. एलईडी बॅटरीचा उजेड निळसर असतो, तोंडाला पिवळा जिलेटिन कागद लावा, दगडाला दगडाचा रंग येतो. अंगात काळा शर्ट असला तर तुम्ही फोटोत दिसत पण नाही. तिथं पणत्या-मशाली लावू नका, जुन्या दगडावर तेलाचे डाग निघत नाहीत, अन् चढायचं तर नाहीच नाही.

स्टीलची घासणी पेटवून गरागरा फिरवायचे व्हिडिओ बघितले असतील, ते आपल्याकडं करू नका. ठिणग्या लई लांब उडतात अन् आपल्या रानात काय असतं, कडब्याची गंजी, पऱ्हाट्या, वाळलेलं गवत. एका फोटोपायी कुणाच्या जनावरांचा वर्षाचा चारा जाईल. गाड्यांच्या उजेडाच्या रेघा काढा त्यापेक्षा, घाटाच्या वळणावर, रस्ता सोडून उंचावर उभं राहून, एफ ११, आयएसओ १००, दहा-पंधरा सेकंद. समृद्धीवर थांबून काढायचा विचार सुद्धा नको.

हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या रात्रभर चालू असतात, ट्रॅक्टरवाल्यांनी एकेका ट्रॉलीला दिव्यांच्या माळा लावलेल्या असतात, त्याच्या रेघा काय दिसतात! पण बैलगाडी दिसली तर फ्लॅश मारायचा नाही, बैल बुजतो. अन् ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांकडं कॅमेरा घेऊन जायचं तर दिवसा आधी एकदा जाऊन या, मुकादमाला नाही, त्या माणसांना विचारा, चुलीच्या उजेडातला बाईचा फोटो न विचारता काढून ग्रुपवर टाकणं मला तरी बरं वाटत नाही, कितीही लाइक आले तरी.

वेरूळ, अजिंठा, देवगिरी रात्री बंद असतात अन् पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत दिवसा सुद्धा ट्रायपॉडला परवानगी लागते, वॉचमनशी वाद घालून फायदा नाही. देवगिरी दिवेलागणीला बाहेरच्या रस्त्यावरून चांगला मिळतो. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जमलं तर जा, जनावरं, घोंगड्या, पाळण्यांचे दिवे, धुरळा, कमी उजेडाचं सगळं तिथं एका जागी शिकायला मिळतं.

रानात रात्री जाण्याचं मात्र गंमतीवारी घेऊ नका. मागं बीड-जालन्याकडं रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती, तशात अंधारात बॅटरी हलवत उभा असलेला अनोळखी माणूस कुणाला फोटोग्राफर वाटणार? शेतमालकाला अन् पोलीस पाटलांना आधी फोन करून जा, गाडी रस्त्यावर दिसेल अशी लावा, एकट्यानं जाऊ नका. शेताला रात्रीची लाईट असली तर तिथं माणसं जागीच असतात, त्यांच्याकडं जाऊन आधी चहा घ्या, बिबट्या कुठल्या बाजूला दिसला हे पण त्यांनाच माहीत असतं. पायात बूट पाहिजेतच, मण्यार रात्रीच फिरते अन् उन्हाळ्यात घोणस पण, खाली ठेवलेली कॅमेऱ्याची पिशवी उचलण्याआधी बॅटरी मारून बघायची. सर्पदंशावरचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात असतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आता घरचं. मिसेस बरोबर बोलायल्यात, मी त्यांच्या बाजूनं आहे. बारा तास दुकान करून माणूस परत रात्री गायब, हे रोज चालणार नाही. अमावास्येला लागून एक रात्र अन् पौर्णिमेला एक, महिन्याला एवढंच बाहेर, तारीख कॅलेंडरवर आधी लिहायची, दुधाच्या हिशोबाशेजारी. बाकी सगळं गच्चीवर. अन् लाइट पेंटिंगला दुसरं माणूस असलं की सोपं जातं, एकानं शटर बघायचं अन् दुसऱ्यानं बॅटरी फिरवायची, तर कोजागरीला घरच्या सगळ्यांना घेऊन जा, बॅटरी त्यांच्या हातात द्या. त्यांना आवडलं तर उत्तम, नाही आवडलं तर नाही, पण रात्री तुम्ही नेमकं काय करता हे तरी त्यांना कळेल, निम्मं भांडण त्याच्यावरच असतं.

वॉटरमार्क टाका, पण खाली कोपऱ्यात, बारीक. सध्या तुमचं नाव दीपमाळेपेक्षा उंच दिसायलंय, अन् खाली मेडिकलचा फोन नंबर पण आहे, तो काढा, रात्री दोनला कुणीतरी फोटो बघून खोकल्याचं औषध विचारायचं.